नागपुरात पर्सनल ट्रेनर व्हायचंय? डंबेलच्या आधी हातात फॉर्म घ्या

एप्रिल संपत आला होता. संध्याकाळचे साडेपाच, बाहेर ४३ डिग्री, आत दोन कूलर आणि पंचवीस माणसं. भंडाऱ्याकडून शिकायला आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, जिमचा त्याचा दुसराच दिवस. मी नवा फ्लोअर ट्रेनर होतो आणि ‘लेग डे’ला पोराला उभं राहू द्यायचं नाही, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. स्क्वॉट, लंजेस, लगेच लेग प्रेस, मध्ये विश्रांती जेमतेम. तिसऱ्या फेरीला तो खाली बसला. “सर, पायातला जीवच गेला जी,” म्हणाला. मला वाटलं क्रॅम्प आला. मांडी दाबून पाहिली तर स्नायू मऊ होता. क्रॅम्प आलेला स्नायू दगडासारखा लागतो. पोरगा शुद्धीवर होता, नीट बोलत होता, पण उभा राहू शकत नव्हता. एक सीनियर म्हणाला, उठव, दोन चकरा मारू दे, मोकळं होईल. रोज येणारे एक निवृत्त कंपाउंडर काका मात्र अडून बसले. “चालवू नको त्याला. रिक्षा बोलाव.”

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त तपासलं. रिपोर्ट आला, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, एएस पॅटर्न. दोन दिवसांनी तो घरी गेला, बरा झाला. त्याच्या मावशीच्या मुलाला सिकलसेल होता हे त्याला ठाऊक होतं. आम्ही विचारलंच नव्हतं. त्या जिमच्या फॉर्मवर तीनच रकाने होते: नाव, मोबाइल, पॅकेज.

‘कोर्स कोणता करू’ असं कोणी विचारलं की मला तो मुलगा आठवतो. कोर्सबद्दल पुढे सगळं सांगतोच. पण सर्टिफिकेट ज्यासाठी घ्यायचं ते काम समोरच्याला विचारण्याचं आहे, आणि आपल्या हाताबाहेरचं दिसलं की योग्य माणसाकडे पाठवण्याचं आहे. वजन उचलायला शिकवणं त्यानंतर येतं.

आधी ठरवा: ट्रेनर की डाएटिशियन

या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि नागपुरात त्यांची सर्रास सरमिसळ होते. ट्रेनर व्यायाम शिकवतो, आखून देतो, निरोगी माणसाला खाण्यापिण्याबद्दल सर्वसाधारण सल्ला देतो. आजारी माणसाचा आहार ठरवणं हे डाएटिशियनचं काम, आणि त्याला शिक्षण लागतं. गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण या विषयातली पदवी, पुढे एमएस्सी किंवा आहारशास्त्रातली पदव्युत्तर पदविका, हॉस्पिटलात इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ परीक्षा. ही संस्था १९६३ पासून आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश झाला आहे. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात गृहविज्ञान शिकवलं जातं, शंकरनगरच्या एलएडी कॉलेजलाही त्याची जुनी परंपरा आहे. बारावीनंतर ही वाट धरली तर पाच-सहा वर्षं धरून चाला.

‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी मात्र आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक लावतात. तसा कोर्स जरूर करा, त्यातून प्रोटीन, फॅट, कार्बचा हिशोब कळतो. पण त्या जोरावर मधुमेहाच्या रुग्णाला डाएट चार्ट देऊ नका.

तिसरी गोष्ट बीपीएडची. पालक मला विचारतात, बीपीएड केलं तर जिम ट्रेनर होता येईल का? ती पदवी मुख्यतः शाळेतल्या शारीरिक शिक्षकासाठी आहे. शरीराचा पाया त्यात चांगला होतो, यात शंका नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच काम करतं आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने जगापुढे भारतीय खेळ करून दाखवले होते. विदर्भातल्या पोरांनी एकदा तरी जाऊन ते मैदान पाहावं. पण जिममध्ये नोकरी आणि पीटी, म्हणजे एकेका क्लायंटचं पर्सनल ट्रेनिंग, करायचं असेल तर बीपीएडची अट नाही. बारावी, वय वर्षं १८ पूर्ण आणि एक धड सर्टिफिकेट, एवढ्यावर सुरुवात होते.

कोर्सला पैसे भरण्याआधीचे सहा महिने

या सहा महिन्यांत स्वतःच्या शरीरावर सगळं करून पाहा. तुम्हाला स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुश-अप, रो आणि ओव्हरहेड प्रेस बिनचूक तंत्राने आले पाहिजेत. वजन किती उचलता याला महत्त्व नाही. रोजची वही ठेवा: व्यायाम, सेट, रेप्स (एका सेटमधली आवर्तनं), वजन, झोप, काय दुखलं. पुढे क्लायंटकडून वही लिहून घ्यायची आहे, तर आधी स्वतःला सवय हवी.

दुसरं, बघायला शिका. सकाळी साडेपाचला अंबाझरीला किंवा फुटाळ्याच्या काठावर जा आणि अर्धा तास फक्त चालणारी माणसं पाहा. कोणाचा गुडघा आत पडतो, कोण एका पायावर भार टाकतं, कोणाची मान पुढे आली आहे. पुस्तकात सांध्यांच्या हालचाली वाचाल तेव्हा ही माणसं डोळ्यांपुढे येतात आणि विषय सोपा होतो. मी तरी तसाच शिकलो.

सर्टिफिकेट कोणतं

बाजारात दोन दिवसांपासून एक वर्षापर्यंतचे कोर्स आहेत आणि फी काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट आंतरराष्ट्रीय. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज म्हणजे एसीई, नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन म्हणजे एनएएसएम, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन म्हणजे एसीएसएम आणि नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन म्हणजे एनएससीए. यांच्या ट्रेनर परीक्षांना एनसीसीए या अमेरिकन मान्यता मंडळाची मान्यता आहे. कोणताही परदेशी कोर्स घेताना हेच तपासायचं: परीक्षेला एनसीसीएची मान्यता आहे का. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका, मंडळाच्या यादीत स्वतः शोधा. एसीईच्या परीक्षेत १५० प्रश्न आणि तीन तास असतात, ८०० पैकी ५०० गुणांक मिळाला की पास. एनएएसएमच्या परीक्षेला १२० प्रश्न, दोन तास आणि ७० गुणांक लागतो. दोन्ही परीक्षा देखरेखीखाली होतात, घरी कॅमेऱ्यापुढे बसूनही देता येतात. एनएससीएची सीएससीएस ही वरची परीक्षा खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठी आहे आणि तिला पदवी लागते. ती पहिल्या वर्षी डोक्यात घेऊ नका.

दुसरा गट सरकारी कौशल्य चौकटीतला. स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लेजर स्किल्स कौन्सिल फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र देते. खर्च कमी, भाषेची अडचण कमी, आणि ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्याने निःसंकोच इथून सुरू करावं. कमाई सुरू झाली की दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय परीक्षा द्यावी. मी ज्या चांगल्या ट्रेनर्सना ओळखतो त्यांतले बरेच याच वाटेने आले.

तिसरा गट मुंबई-पुण्याच्या आणि आपल्या गावातल्या खासगी अकॅडम्यांचा. इथे शिकवणारा कोण यावर सगळं अवलंबून. फी भरण्याआधी एक वर्ग फुकट बसून पाहायची परवानगी मागा. बसू देत नसतील तर पुढे जा. प्रात्यक्षिकाचे तास किती, परीक्षा कोण घेतं, नापास झालं तर फेरपरीक्षेचे पैसे किती, हे लेखी घ्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द ऐकले की मागच्या बॅचच्या तीन मुलांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा.

इंग्रजीची भीती अनेकांना असते आणि ती खोटी नाही. आंतरराष्ट्रीय पुस्तकं जाडजूड इंग्रजीत आहेत. माझा उपाय साधा होता. एका वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत, उजवीकडे मराठीत तिचं काम. ‘ग्लुट मीडियस: एका पायावर उभं असताना कंबर पडू देत नाही.’ रोज दहा संज्ञा केल्या की तीन महिन्यांत नऊशे होतात, आणि परीक्षेला त्याहून कमी लागतात. दिवसाला दीड-दोन तास अभ्यास धरला तर चार महिने पुरतात. पहिला महिना शरीररचना, दुसरा हालचाली आणि ऊर्जा, तिसरा कार्यक्रम आखणी आणि तपासण्या, चौथा फक्त सराव प्रश्नपत्रिका. शरीररचना नुसती वाचू नका, स्वतःच्या दंडावर स्केचपेनने स्नायूची रेघ ओढा, कुठून निघतो, कुठे जोडतो. माझ्या आईने दोन महिने माझे रंगलेले शर्ट धुतले.

सीपीआर

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून दिलेला प्रथमोपचार, आणि एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. एसीई आणि एनएएसएम दोन्हींना या दोन्हींचं चालू कार्ड लागतं, आणि एसीईला प्रत्यक्ष हाताने केलेलं प्रशिक्षणच चालतं. लागत नसतं तरी मी सक्तीने करायला लावलं असतं. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की घाम फुटतो. ते एकदा अनुभवलं की हात विसरत नाहीत. कार्ड साधारण दोन वर्षं चालतं. जिममध्ये रुजू झालात की पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बघा: एईडी आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, आणि १०८ ची गाडी आली तर दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते.

पहिली नोकरी

धरमपेठ, सदर, मनीषनगर, वर्धा रोड, नंदनवन, कुठेही जा, रचना बहुतेक सारखीच. फ्लोअर ट्रेनर म्हणून पगार, आणि पीटी मिळाली तर तिच्यात टक्केवारी. पगार सुरुवातीला थोडा असतो, खरी कमाई पीटीची. म्हणून रुजू होतानाच लिहून घ्या: टक्केवारी किती, पैसे कोणत्या तारखेला, क्लायंटने मध्येच सोडलं तर उरलेल्या सेशनचं काय, आणि नोकरी सोडल्यावर तुमच्या क्लायंटला शिकवायला बंदी आहे का. एका ठिकाणी माझी तीन महिन्यांची टक्केवारी बुडाली, कारण सगळं तोंडी होतं.

पहिलं वर्ष वेगवेगळ्या माणसांसोबत काढा. फक्त पोरांच्या बायसेप्सवर काम केलंत तर पन्नाशीच्या काकू आल्या की हात थरथरतील. नागपुरात पैसे देऊन नियमित येणारा वर्ग तोच आहे, चाळीस ते पासष्ट.

फॉर्म: लेखाचा हा भाग दोनदा वाचा

नवा माणूस आला की पहिली वीस मिनिटं खुर्चीवर. पार-क्यू प्लस नावाची सात मूळ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात: हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, औषधं, हाडा-सांध्यांचं दुखणं, डॉक्टरांनी घातलेलं बंधन. तिचा मराठी तर्जुमा स्वतः करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. माणसाच्या हातात कागद दिला की तो सगळीकडे ‘नाही’ लिहितो. बोलत बसलं की सांगतो, “तसं काही नाही जी, एक प्रेशरची गोळी घेतो सकाळची.” ती एक गोळी महत्त्वाची आहे. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारं औषध, असेल तर हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत, आणि घड्याळ पाहून तुम्ही त्याला पळवत राहाल. अशा वेळी ठोक्यांऐवजी एक ते दहाच्या मापावर दम विचारायचा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र निरोगी माणसातही दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होतं. त्यापेक्षा बोलून बघा: वाक्य पूर्ण करता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम म्हणजे मध्यम व्यायाम.

या प्रश्नावलीला मी नागपूरसाठी तीन प्रश्न जोडले आहेत.

पहिला सिकलसेलचा. तुम्हाला किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे का, कधी तपासणी झाली आहे का? विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, त्याआधीपासून आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत तपासणी होते आहे. हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. आडनाव पाहून, अंदाजाने विचारू नका. एक तर ते माणसाला लागतं, आणि अंदाज चुकतो. एसएस पॅटर्नचा रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. एएस म्हणजे वाहक असेल तर त्याला घाबरवू नका, परत पाठवू नका. वाहक माणसं खेळतात, पळतात, वजन उचलतात. फक्त चार गोष्टी पाळायच्या: सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हळू चढ, सेटमध्ये पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी, आणि ताप-जुलाब असताना किंवा कडक उन्हात जोराचा व्यायाम नाही. पाय किंवा पाठीत अचानक वेदना, अशक्तपणा, दम असं काही झालं तर तत्काळ थांबवा, बसवा, दवाखाना. तिथे ‘थोडं अजून’ हा शब्द नको. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पिळून काढलं तर सिकलसेल नसतानाही स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर जाऊ शकतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू सुजणं, खूप दुखणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं ही खूण. तेव्हाही सरळ हॉस्पिटल.

दुसरा प्रश्न हिमोग्लोबिनचा, विशेषतः बायकांना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. जिना चढताना धाप लागते म्हणून ‘स्टॅमिना वाढवायला’ आलेल्या बाईला अनेकदा आधी रक्त वाढवायची गरज असते. आधी तपासणी, मग ट्रेडमिल.

तिसरा, दिवसभर कुठे असता? मिहानच्या एसीतल्या मुलात आणि दिवसभर इतवारीत माल उतरवणाऱ्या माणसात संध्याकाळी सहाला जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपला मे महिना ४५ च्या पुढे जातो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून एप्रिलमध्ये नवा आलेला माणूस निम्म्या कामावर ठेवा. व्यायामाच्या आधी-नंतर वजन करा, दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडलं. आणि पावसाळा लागला की कूलर बंद करायला सांगा. दमट हवेत कूलर आणखी ओल वाढवतो, घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता आतच राहते. उष्माघातात माणूस बरळायला लागतो, अंग भट्टीसारखं तापतं. आधी थंड करा, मग हलवा: सावली, अंगावर पाणी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, तोवर १०८.

मग मोजमाप. रक्तदाबाचं यंत्र स्वतःचं घ्या. पाच मिनिटं बसवून मोजा. १६०/१०० च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांकडे. कंबर टेपने मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात, बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानतात. क्लायंटच्या अंगाला हात लावायची वेळ आली तर दर वेळी विचारा, “खांद्याला हात लावू का?” आणि नाही म्हटलं तर स्वतः करून दाखवा.

पहिले बारा आठवडे कसे आखाल

नवख्याला आठवड्यात तीन दिवस, दर वेळी पूर्ण शरीर. बसणं-उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, उचलून चालणं, या पाच हालचाली. दोन ते तीन सेट, आठ ते बारा रेप्स, आणि थांबताना अजून दोन-तीन झाल्या असत्या एवढी ताकद शिल्लक. ठरलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन रेप्स सलग दोन दिवस जास्त निघाल्या की वजन दोन ते दहा टक्के वाढवा. बाकी दिवस चालणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हीच आहे.

एक उदाहरण जवळून. बावन्न वर्षांच्या काकू, प्रतापनगरला राहतात, गुडघे दुखतात, “खाली बसणं बंदच केलं” म्हणाल्या. डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिलेला. स्क्वॉट हा शब्दच काढला नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली, वर दोन उशा ठेवल्या. “बसा. आता हात न टेकता उठा.” उठताना गुडघे आत येत होते, म्हणून गुडघ्यांच्या वर रबरी बँड लावला आणि तो बाहेर ताणून धरायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एक उशी काढली, सहाव्यात दुसरी. वाकून उचलण्यासाठी झाडूचा दांडा पाठीला लावला: डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला. वाकताना एकही जागा सुटली तर थांबायचं. पहिल्या दिवशी दोन इंचांवर सुटली. दहाव्या आठवड्यात त्यांनी गव्हाचा दहा किलोचा डबा तशाच वाकून उचलला आणि मला फोटो पाठवला.

ताटाबद्दल काय बोलाल, कुठे थांबाल

इंटरनेटवरून ब्रोकोली-ओट्सचा चार्ट उतरवून देऊ नका. क्लायंटकडून तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून घ्या, चहाच्या कपातल्या साखरेसकट. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते काढा. त्यात ५२८ भारतीय पदार्थ आहेत.

मेसमध्ये जेवणाऱ्या सत्तर किलोच्या मुलाचा हिशोब करू. सकाळी तर्री पोहा, दुपारी तीन पोळ्या, अर्धी वाटी वरण, भात, भाजी, रात्री तेच. माझ्या हिशोबाने प्रोटीन ४५-५० ग्रॅम होतं. पोषण संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे याला ५८. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ पर्यंत उपयोग होतो, म्हणजे ११२ च्या आसपास. फरक भरायला महागडा डबा लागत नाही. दोन अंडी १२, एक ग्लास दूध ८, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २६. पोह्यावर तर्रीतले चणे जास्त मागायचे, तेल थोडं सोडायचं. सावजी रविवारी खाल्लं तर काही बिघडत नाही, फक्त रस्सा पीत बसू नये. घरी जवसाची चटणी असते, ज्वारीची भाकरी असते, हे आपलं अन्न चांगलं आहे, आणि जे ताट घरात रोज वाढलं जातं तेच वर्षभर टिकतं.

थांबायचं कुठे तेही ठरवून ठेवा: मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, थायरॉइड, खाण्याशी बिघडलेलं नातं, १८ च्या आतली मुलं. यांचा आहार तुम्ही ठरवायचा नाही. शहरातल्या दोन पात्र डाएटिशियन आणि एका फिजिओथेरपिस्टशी आधीच ओळख करून घ्या, आणि क्लायंट पाठवताना चार ओळींची चिठ्ठी द्या. मी पाठवलेल्या माणसांपैकी कोणी माझ्याकडून तुटलं नाही. उलट त्यांच्याकडून मला क्लायंट आले. मधुमेही क्लायंट असेल तर सेशनला त्याचं ग्लुकोमीटर सोबत हवं आणि तुमच्या खिशात ग्लुकोजची पुडी. साखर ७० च्या खाली गेली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि त्या दिवशी सुट्टी.

आणि इंजेक्शन. कोणी तरी तुम्हाला सांगेल की स्टेरॉइड विकले तर पीटीपेक्षा जास्त सुटतात. पोरं स्वतः विचारतील, पंपसाठी, म्हणजे स्नायू फुगलेले दिसावेत म्हणून, मेफेंटरमिन हे उत्तेजक मागतील. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत, विकणं गुन्हा आहे, आणि हृदयावर काय करतात ते मी दोन मुलांच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. नाही म्हणा, आणि त्या मुलाला डॉक्टरकडे न्या. प्रोटीन पावडर हवीच असेल तर डब्यावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना बघा आणि बिल घ्या.

स्वतःचं काम सुरू करताना

कागदपत्रं थोडी आहेत. एकट्याचं किंवा दोन-चार माणसांचं काम असेल तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीसाठी, ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. उद्यम नोंदणी फुकट आहे, पैसे मागणारा दलाल टाळा. सेवेचं वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही. व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्या.

फी ठरवताना महिन्याऐवजी बारा सेशनचा हिशोब ठेवा, म्हणजे लग्नसराई आणि दिवाळीतल्या दांड्यांवरून वाद होत नाहीत. किती तास आधी कळवलं तर सेशन पुढे ढकलणार, पैसे परत कधी मिळणार, हे एका पानावर मराठीत लिहा आणि सही घ्या. घरोघरी जाणार असाल तर मार्ग आखा. सकाळच्या दोन तासांत प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर असं एका पट्ट्यातलं काम धरा, नाहीतर निम्मी कमाई पेट्रोलमध्ये जाते.

पैसे घेण्याआधी तीन माणसांना बारा आठवडे फुकट शिकवा: एक तरुण, एक चाळिशीची बाई, एक साठीच्या पुढचा. फॉर्मपासून वहीपर्यंत सगळं खऱ्यासारखं. या तीन वह्या पहिल्या क्लायंटला दाखवायला तुमच्याकडे असतील, नावं झाकून आणि त्यांची परवानगी घेऊन.

सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी फोनमध्ये दोन तारखा टाका. एसीई आणि एनएएसएम, दोन्हींचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी, त्यासाठी साधारण २० तासांचं पुढचं शिक्षण. दुसरी तारीख सीपीआर कार्डाची, संपण्याच्या दोन महिने आधीची, कारण ऐनवेळी बॅच भरलेल्या असतात.